पाठकोऱ्या पत्रकांवरचं संगीत

तुमच्या घरी शेवटची द्राक्षांची पेटी आली, तिच्या तळाशी कोणता कागद अंथरला होता, सांगता येईल?

नाही येणार. द्राक्षं खाताना तळाकडे कोण बघतं? घड उचलायचे, धुवायचे, परातीत ठेवायचे आणि पेटी जिन्याखाली भिरकावायची. मीही हेच करत आले. आता करत नाही. फेब्रुवारी उतरणीला लागला, सकाळची थंडी नुसती नावाला उरली आणि नाशिकच्या नाक्यानाक्यांवर हिरव्या-काळ्या घडांच्या हातगाड्या लागल्या, की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या कपाळाची शीर उठते. गाडीवाल्याला मी आधी विचारते, "पेटीत खाली काय घातलंय?" तो गोंधळून म्हणतो, "रद्दी हाय ताई. द्राक्षं बघा ना तुम्ही, लय गोड हायेत."

त्या रद्दीबद्दलच मला लिहायचं आहे.

आमचा छापखाना होता. छापखाना म्हणजे एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षर-खिळ्यांचे बारा-पंधरा खण आणि शाईच्या वासानं कायमची काळवंडलेली भिंत. मी अक्षरं शिकले ती पाटीवर नाही, खिळ्यांवर, आणि तीही उलटी. बाबा लग्नपत्रिका छापत ते पोटासाठी आणि पत्रकं छापत ते स्वतःसाठी. मेळाव्याची, मोर्चाची, पाण्याची, मजुरीची. दहावीपासून ती पत्रकं मीच लिहायला लागले. "बायांनो, समान काम, समान मजुरी! मेळाव्याला या!" अशी वाक्यं मी झोपेतसुद्धा जुळवू शकत होते. पातळ गुलाबी नाहीतर पिवळा कागद, एका बाजूला मजकूर, तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत मुद्रक म्हणून आमचं नाव. दुसरी बाजू कोरी. उरलेली पत्रकं आमच्याकडे कधी टाकली गेली नाहीत. पाठकोरा कागद टाकणं हा आमच्या घरात गुन्हा होता. त्यावर हिशोब व्हायचे, माझी गणितं व्हायची, आईच्या पाककृती व्हायच्या.

नव्वदचं दशक संपत आलेलं. अशाच द्राक्षांच्या दिवसांत एक उंच, वाळक्या अंगाच्या बाई छापखान्याच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. पांढरी सुती साडी, खांद्याला शबनम, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"भाऊ, मला रेघा छापून हव्यात," त्या बाबांना म्हणाल्या. "पाच पाचच्या. पानावर अशा दहा ओळी."

"वह्या करायच्यात का, बाई?"

"संगीत लिहायचंय. हातानं रेघा ओढण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. उरलेलं सुरांना द्यावं म्हणते."

त्या एस्तेरबाई. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि कॅम्पाकडच्या जुन्या दगडी चर्चमध्ये दर रविवारी ऑर्गन वाजवणाऱ्या. पण वाजवण्यापेक्षा त्यांचं खरं काम रचण्याचं होतं. तीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या चर्चमधल्या वादकांनी जी रीत घडवली, जिला बरोक म्हणतात, त्या रीतीनं बाई नवं संगीत लिहीत. नाशिकमध्ये बसून. ऑर्गनसाठी आणि पियानोसाठी. हे मला कळलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि जगातला प्रत्येक अन्याय मला एकटीला समजलेला आहे, अशी माझी पक्की खात्री होती.

बाबांनी गुलाबी पत्रकांचा गठ्ठा काढला. "पाठ कोरी आहे. चालेल?"

"धावेल," बाई म्हणाल्या.

मी पितळी पट्ट्या जुळवल्या. पाच पट्ट्या, मग फट, पुन्हा पाच. ट्रेडल खडखडलं. पुढच्या बाजूला माझी घोषणा, मागच्या बाजूला बाईंच्या रेघा. छापता छापता मला राहवलं नाही.

"बाई, साहेब गेला, त्याचा बाजा इथंच टाकून गेला. आणि तुम्ही अजून त्याच्यासाठी गाणी लिहिताय?"

बाबांनी डोळे वटारले. बाई हसल्या. मग त्यांनी ट्रेडलच्या चाकावर हात ठेवला. "हे मशीन गं? हे कुठल्या गावच्या लोहारानं घडवलं?"

मशीनच्या अंगावर ओतीव अक्षरांत परक्या शहराचं नाव होतं. लहानपणापासून मी ते वाचत आले होते.

"यावर तू मराठी छापतेस, मग ते मराठी झालं," बाई म्हणाल्या. "मी तेच करते. उद्या घरी ये, दाखवते."

बाईंच्या घरी दोन खोल्या होत्या आणि त्यातली दीड पियानोनं अडवली होती. पियानोचे पाय वाळवीच्या भीतीनं पाण्याच्या वाट्यांत उभे. खालच्या बाजूच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या. बाई त्या पट्ट्यांवरही बोट ठेवत आणि तो स्वर स्वतःच्या गळ्यातून काढत. मी पहिल्या दिवशी हसले होते. दुसऱ्या दिवशी हसायचं विसरले.

त्यांनी मला फ्यूग नावाचा रचनाप्रकार समजावला तो गणिताच्या बाईंसारखा. एक आवाज एक वाक्य बोलतो. ते संपायच्या आत दुसरा तेच वाक्य वेगळ्या उंचीवरून सुरू करतो. मग तिसरा, मग चौथा. कोणी कोणाला गप्प करत नाही, कोणी कोणाच्या मागे फरफटत नाही, आणि तरी कलकलाट होत नाही. "तुझ्या मेळाव्यात होतं का असं?" त्यांनी विचारलं. आमच्या मेळाव्यात एक जण बोलायचा आणि बाकीचे सतरंजीवर बसायचे. मी विषय बदलला.

"पण गोष्ट कोणाची सांगतात हे चार आवाज?" मी विचारलं. "त्यांच्या देवाची, त्यांच्या राजाची?"

"अगं, त्या जुन्या लोकांनी त्यांच्या गावांतले नाच उचलले. शेतकऱ्यांचे, खलाशांचे नाच. त्यांच्या माळा केल्या, त्यांना व्याकरण दिलं. मग मी माझी गावं उचलली तर कोणाचं काय गेलं?"

आणि त्यांनी वाजवलं. पियानोवर येवला होता. पैठणीच्या मागावर बसलेल्या विणकराचा धोटा इकडून तिकडे जातो, फणी ठोकली जाते, पुन्हा धोटा. डावा हात ठोकत होता, उजवा रेशीम ओढत होता. मग हरसूल. नोकरीची पहिली तीन वर्षं बाई तिकडे डोंगरातल्या शाळेत होत्या. भातलावणीच्या वेळी गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका जे गात, ते त्यांनी डोक्यात चाळीस वर्षं सांभाळलं होतं आणि मग संथ, एकावर एक चढत जाणाऱ्या स्वरांत उतरवलं होतं. मधेच मुकी पट्टी आली की बाईंचा गळा. मला वाटलं, चिखलातली एक बाई खोलीत उभी आहे.

ऑर्गनची रचना मात्र अजून बनत होती. तिच्यासाठी बाई माझ्याबरोबर एसटीनं विंचूरला आल्या. मी कांदा बाजारात पत्रकं वाटायला गेले होते, त्या ऐकायला. मी हमालांच्या हातांत गुलाबी कागद कोंबत फिरत होते आणि बाई एका ट्रॅक्टरच्या सावलीत डोळे मिटून उभ्या. लिलाव करणारा माणूस एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकत हाळी देत होता. हाळी पायरी पायरीनं चढायची, शेवटचा शब्द लांबायचा, आणि तो लांबत असतानाच शेजारच्या रांगेत दुसऱ्याची हाळी उठायची. बाईंनी शबनममधून माझंच एक पत्रक काढलं, उलटं केलं आणि ट्रॉलीच्या फळीवर ठेवून भराभर लिहायला लागल्या.

एक शेतकरी मला म्हणाला, "ताई, तुमची म्हातारी भाव लिहून घेऊन ऱ्हायली का?"

"नाही, गाणं लिहितेय."

"कांद्याचं?" तो मोठ्यानं हसला. मग थोड्या वेळानं परत येऊन फळीवर वाकून बघून गेला.

ती रचना ईस्टरच्या सकाळी चर्चमध्ये वाजावी, एवढीच बाईंची इच्छा होती. एकदाच. कारण त्या भल्यामोठ्या नळ्यांच्या ऑर्गनचे दिवस भरले होते. हवा भरणारी मोटर जळाली होती आणि चर्चच्या पंचकमिटीनं ठरवलं होतं की आता सुटसुटीत, विजेवरचा कीबोर्ड आणायचा. बाईंची रचना त्या कीबोर्डवर वाजणारच नव्हती. तिला पायांनी वाजवायच्या पट्ट्या हव्या होत्या, शिसवी पेटीतून घुमत येणारा तो खालचा स्वर हवा होता. तो ऑर्गन गेला की ती रचना फक्त कागद.

कमिटीच्या बैठकीला बाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. दार उघडंच होतं. सेक्रेटरी अत्यंत गोड माणूस. गोड माणसांचा मला तेव्हापासून राग आहे.

"बाई, तुमच्याबद्दल मंडळीला आदर आहे," तो म्हणाला. "पण कांद्याच्या लिलावाचं संगीत देवाच्या घरात? लोक उठून जातील हो. सामान्य माणसाला कळेल असं काहीतरी वाजवा."

सामान्य माणूस! या दोन शब्दांनी जेवढी चांगली कामं बुडवली असतील तेवढी पुरानंही बुडवली नसतील. स्वतःला नको असलेली वस्तू परत करायची असली की हे लोक सामान्य माणसाच्या नावानं परत करतात.

मग आम्ही शहरातल्या एका सभागृहाच्या व्यवस्थापकाकडे गेलो. त्यानं छापील अर्ज पुढे केला. शास्त्रीय, नाट्यसंगीत, सुगम, इतर. "इतर म्हणजे जादूचे प्रयोग वगैरे," तो म्हणाला. "तुमचं पाश्चात्त्य आहे का? मग मुंबईला विचारा."

"विंचूर पाश्चात्त्य आहे?" मी ओरडले.

"ताई, आवाज खाली."

चर्चवाल्यांना ते फार देशी वाटलं आणि सभागृहवाल्याला फार परदेशी. एक साठीची बाई या दोन दारांच्या मधे उभी, शबनममध्ये गुलाबी कागद घेऊन. आणि माझ्यासारखी, जी तिला आधी "साहेबाचा बाजा" म्हणून हिणवून बसली होती, ती त्यांच्यापेक्षा फार वेगळी नव्हती. हेही इथे लिहून ठेवते, नाहीतर बाकीच्यांना बोलण्याचा मला हक्क नाही.

उपाय बाबांनी काढला. देवळात न जाणारे, चर्चमध्ये तर कधीच न गेलेले माझे बाबा म्हणाले, "मोटर नसताना पूर्वी हवा कशी भरत होते?"

"भात्याला दांडा आहे," बाई म्हणाल्या. "माणूस वर-खाली ओढायचा."

"मग? आयुष्यभर ट्रेडलवर पाय मारले. भाता ओढायला काय लागतं?"

ईस्टरच्या आधीचा शनिवार. सकाळची वेळ. सराव करते म्हणून बाईंनी किल्ली घेतली होती. बाबा ऑर्गनच्या मागे दांडा धरून उभे, सदऱ्याच्या बाह्या वर केलेल्या. मी बाकावर. आणि तेवढ्यात सजावटीची फुलं घेऊन मखमलाबादच्या हिराबाई आत आल्या. मळ्यात फुलं आणि भाजी लावून गावात आणून विकणाऱ्या त्या बाई, डोक्यावर निशिगंधाची पाटी. "ठिवू का इथं?" असं विचारत होत्या आणि ऑर्गन सुरू झाला.

पहिला आवाज उठला, पायरी पायरीनं चढला, शेवटी लांबला. दुसऱ्यानं तो तिथूनच उचलला. भाता कण्हत होता, बाबांचा श्वास ऐकू येत होता, आणि मग बाईंच्या पायांनी तिसरा आवाज जमिनीतून काढला. बाकाचं लाकूड माझ्या पाठीला थरथरलं. हिराबाई पाटी न उतरवता तशाच उभ्या. चौथा आवाज आला तशी त्या माझ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बया! ह्यो तर लिलाव हाय!"

"तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हंजे? माहेर हाय माझं विंचूरकडं. बापाच्या गाडीवर बसून हेच ऐकलं की." त्या परत ऐकू लागल्या. "त्यो बघ, त्यो दुसऱ्या रांगेतला आला. आता गर्दी व्हनार बघ."

आणि खरंच गर्दी झाली. चारही आवाज एकमेकांवर आदळले, गुंतले आणि शेवटी एका लांब स्वरावर सगळे मिळून थांबले. बाबांनी दांडा सोडला. ऑर्गनमधली उरलेली हवा फुसफुसत निघून गेली.

बाईंनी वळून फक्त एवढंच विचारलं, "हिराबाई, उठून गेला नाहीत?"

"जाऊ कशी? सौदा कुठं तुटला व्हता, भाव कुठं ठरला व्हता अजून!"

ज्या सामान्य माणसाच्या नावानं बाईंना नकार मिळाला, तो हा. निशिगंधाची पाटी डोक्यावर घेऊन उभा. दुसऱ्या दिवशी ईस्टरला हार्मोनियमवर नेहमीची गीतं वाजली. कमिटी खूश होती. त्या रचनेचं वादन एवढंच. ऐकणारे तीन, त्यातला एक भाता ओढत होता.

पुढच्या वर्षी कीबोर्ड आला. बाईंची बोटं आखडत गेली. तरी त्या लिहीत राहिल्या. मी रेघा छापून देत राहिले. लिहून झालेले कागद त्या चर्चच्या वरच्या माळ्यावर, ऑर्गनशेजारच्या कपाटात ठेवत. आपल्या घराला वाळवी आहे, तिथं सुकं आहे म्हणून. शाई उडू नये, धूळ बसू नये म्हणून सुरांची बाजू खाली, घोषणांची वर. ही त्यांची पद्धत मी शंभरदा पाहिली होती. शंभरदा.

मग त्या भाचीकडे परगावी गेल्या आणि एका पावसाळ्यात तिकडेच वारल्या. मी गेले नाही. मोर्चा होता.

त्यानंतरच्या जानेवारीत छापखान्यात फोन आला. तोच गोड सेक्रेटरी. "ऑर्गन काढला आपण. माळा साफ करतोय. तुमच्या प्रेसची जुनी पत्रकं निघालीयत, गठ्ठेच्या गठ्ठे. खाली तुमचं नाव आहे म्हणून विचारतो. काय करायचं?"

माझ्यासमोर दुसऱ्या दिवशीच्या पत्रकाचं प्रूफ होतं. मी मान खांद्याला लावून, फोन गालाशी दाबून, चूक दुरुस्त करता करता म्हणाले, "मेळावे केव्हाच झाले ते. रद्दीत घाला."

मी म्हणाले. पाठकोरा कागद टाकणं गुन्हा मानणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला त्या क्षणी वाटलं की पत्रकाला एकच बाजू असते. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाकडूनच ही चूक होऊ शकते. आपली घोषणा दिसली की मागे काय आहे हे बघायचं आम्ही विसरतो.

फेब्रुवारीत आईनं द्राक्षं आणली. शेवटचा घड उचलला तेव्हा पेटीच्या तळाशी गुलाबी कागद होता. "बायांनो, समान काम." वर द्राक्षाच्या रसाचा डाग. मी हसत तो उचलला, बाबांना दाखवायला. आणि हात उलटा झाला.

पाच रेघा. खाली पुन्हा पाच. बाईंचे बारीक, पुढे झुकलेले स्वर. उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं पानाचा आकडा: चार.

मी चर्चमध्ये धावले. सेक्रेटरी शांतपणे म्हणाला, "पण तुम्हीच म्हणालात ना, रद्दीत घाला." खरं होतं. पण एक कागद, फक्त एक कागद उलटून बघायला त्याला काय झालं होतं? वीस वर्षं ज्या बाईनं त्याच्या चर्चमध्ये, त्याच्या पोरांच्या लग्नात वाजवलं, तिच्या कपाटात तिचं काही असेल, ही शंकाही येऊ नये? त्याला आली नाही. मला आली नाही. रद्दीवाल्यानं तोपर्यंत माल पिंपळगावकडच्या एका पॅकिंग शेडला दिला होता. तिथं बायका ओळीनं बसून घड कातरत होत्या, पेट्या भरत होत्या.

"त्या गुलाबी कागदांच्या मागं रेघा व्हत्या खऱ्या," एक जण म्हणाली. "आमाला वाटलं पोरांच्या वह्या असतील. लिवलेलं व्हतं कायतरी, अळ्यांवानी."

"उरलेत का?"

"लय गेले वो ताई. पेट्या भरल्या, गाड्या गेल्या." तिनं ढिगाऱ्यात हात घालून शोधलं. मग शेजारची उठली, मग तिसरी. काम थांबवून, मुकादम ओरडत असताना, त्या पाचसहा जणींनी अर्धा तास कागद उलटून बघितले. त्यांनी बघितले! आठ पानं निघाली.

माझ्याकडे नऊ पानं आहेत. येवल्याची दोन. हरसूलचं एकही नाही. विंचूरची सात, आणि त्यातलं शेवटचं पान नाही, जिथं चारही आवाज एका स्वरावर थांबतात. हिराबाईंना अजून आठवतं ते कसं संपतं. त्या गुणगुणून दाखवतात, पण एका गळ्यात चार आवाज मावत नाहीत. सभागृहाच्या व्यवस्थापकाला मी ही पानं दाखवली. तो म्हणाला, "अपूर्ण आहे ना, मग काय करणार?" अपूर्ण कोणी केलं, हे त्यानं विचारलं नाही.

आता बाबांचं ट्रेडल बंद आहे. आजकाल पत्रकं दोन्ही बाजूंनी छापतात, कोरी पाठ उरतच नाही. पण दर वर्षी हंगाम येतो, रस्त्यावर तो गोड, किंचित फवारणीच्या गंधकाचा वास पसरतो, आणि मला वाटतं, आत्ता या क्षणी कुठल्यातरी घरात एखाद्या पेटीत आवाज चढत चढत येऊन थांबलाय, सौदा तुटायची वाट बघत.

म्हणून हे शेवटचं पत्रक समजा. त्या पेट्या नाशिकच्या बाहेरही गेल्या. लोक पेट्या टाकत नाहीत. त्यांत जुनी पुस्तकं ठेवतात, दिवाळीच्या पणत्या ठेवतात, देवाची भांडी गुंडाळतात. तुमच्या माळ्यावर, जिन्याखाली, पलंगाखाली तशी जुनी पेटी असेल तर ती काढा. तळाशी गुलाबी किंवा पिवळा पातळ कागद असेल, त्यावर कसली तरी घोषणा असेल, तर ती वाचू नका. ती माझी आहे आणि तिचा मेळावा होऊन गेला. कागद उलटा करा. पाच रेघा दिसल्या तर लाल आकडा बघा, आणि हा लेख जिथं वाचलात तिथल्या संपादकांकडे तो कागद पाठवून द्या. पाठवण्याआधी, हार्मोनियम-पियानो काहीही वाजवता येणारं कोणी शेजारी असेल, तर त्याच्याकडून तेवढं एक पान वाजवून घ्या आणि ऐका.

वाचून झालं असेल तर उठा. पेटी काढा.